उंटाच्या घरात उंट

'डाव बरोबरीत सुटला' असं कुणी समाधानाने सांगितलं की माझं डोकं आजही फिरतं. नातवंडं पट मांडून बसतात, कंटाळा आला की हात मिळवून मोकळी होतात. मला ते बघवत नाही. मी उठून स्वयंपाकघरात जाते आणि भांडी आपटते. घरातल्यांना वाटतं, म्हातारीला बुद्धिबळाचा तिटकारा आहे. माझ्याइतकं बुद्धिबळ ह्या घरात एका माणसाखेरीज कुणालाच कळत नव्हतं, हे त्यांना ठाऊक नाही.

तो एक माणूस म्हणजे माझा नवरा. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नव्हती. मी 'हे' म्हणायची, इथेही तेच म्हणते.

हे भिलाईच्या कारखान्यात क्रेनवर होते. भंडाऱ्याकडची धानाची शेती भावांवर सोपवून आम्ही आलो तेव्हा अर्धा कारखाना अजून नकाशातच होता आणि जिकडेतिकडे मुरमाची लाल धूळ. क्रेन म्हणजे शेडच्या छताजवळ रुळांवरून सरकणारं धूड. तिच्या पोटाला पत्र्याची केबिन, केबिनीत हे, आणि खाली हुकाला वितळलेल्या पोलादाची खोलीएवढी बादली. ती बादली उचलायची, माणसांच्या डोक्यांवरून न्यायची आणि नेमक्या जागी ओतायची. खालचा सिग्नलवाला हात दाखवतो, घंटी वाजवतो, वरच्याने त्याप्रमाणे दांडे ओढायचे. हे काम ह्यांना रशियन माणसांनी शिकवलं होतं आणि ह्यांना त्याचा फार अभिमान होता. मलाही होता, खोटं कशाला बोलू.

दुसरा अभिमान बुद्धिबळाचा. माझे वडील गावातले नावाजलेले खेळाडू. त्यांनी मला पोरगी असून खेळ शिकवला आणि ह्यांना पटावर बघूनच जावई करून घेतलं. आमच्या भागात तेव्हा सगळे देशी पद्धतीने खेळायचे. त्यात प्यादं शेवटच्या ओळीत पोचलं की ज्याच्या घरात पोचलं तेच मोहरं व्हायचं. हत्तीच्या घरात गेलं तर हत्ती, उंटाच्या घरात गेलं तर उंट. हे लग्नाआधीपासून नागपूरच्या स्पर्धांत खेळायला जायचे, तिथे नवी पद्धत आली होती. कुठल्याही घरात पोचा आणि खुशाल वजीर घ्या. ती नवी पद्धत ह्यांच्या हाडीमाशी खिळली होती. भिलाईच्या कामगारांच्या कॅम्पातल्या निम्म्या लोकांना ती ह्यांनीच शिकवली. कुणी चुकून उंटाच्या घरात उंट ठेवला तर हे त्याच्या हातावर चापट मारून म्हणायचे, "गाव सुटलं नं बावा, आता हे बी सोड." हे मी मुद्दाम सांगून ठेवते आहे.

मी सांगते आहे त्या वर्षी उन्हाळ्यात ह्यांचे डोळे गेले. एकदम नव्हे. आधी चहा कपाच्या बाहेर पडायला लागला. मग एकदा व्हरांड्यात शेजारची छत्तीसगढी बाई उभी होती, ती मीच आहे असं समजून हे तिच्याशी बोलले. ती पदर तोंडावर धरून हसत पळाली. मी रागावले तेव्हा ह्यांनी खरं सांगितलं.

"धुकं पडल्यावानी दिसते. उजेडात लयच."

"मंग डाक्तरकडं जा नं जी."

"डाक्तर लिहून देईन, अनफिट. मंग? झाडू मारू का कारखान्यात?"

क्रेनवरच्या माणसाला डोळ्यांचा दाखला लागायचा, तो गेला की क्रेन गेली. पुढे कुठे टाकतील, क्वार्टर राहील की जाईल, कुणी सांगू शकत नव्हतं. आणि नेमकं त्याच सुमाराला कारखान्यातल्या लोकांची बुद्धिबळाची स्पर्धा जाहीर झाली. कामगारांच्या करमणुकीचं बघणारे एक मोठे साहेब होते, त्यांनी शब्द दिला की एखादा कामगार जिंकला तर त्याला क्लबातल्या खेळाच्या खोलीवर घेऊ. काम जमिनीवरचं, हुद्दा आहे तोच. ह्यांनी ते धरून ठेवलं. हा डाव जिंकतो आणि मानाने खाली उतरतो, कुणाला काही सांगायची गरज नाही, असं ह्यांचं गणित. मी म्हटलं, तोवर खाली कुणी मेलं तर? हे म्हणाले, घंटी ऐकू येते, दांडे हाताला पाठ आहेत. आम्ही खूप भांडलो आणि शेवटी एवढ्यावर आलो की शेवटच्या डावापर्यंत, त्यानंतर एक दिवस नाही.

शेवटचा डाव पडला ड्रॉइंग ऑफिसातल्या एका साहेबांशी. साहेब नागपूरकडचे. भिलाईला येण्याआधीपासून दोघे स्पर्धांमध्ये एकमेकांना भिडलेले. दोघेही चाळिशी ओलांडलेले, बाकी सगळा कारखाना पोरांचा, म्हणून पोरं त्यांना 'दोन म्हातारे' म्हणायची. साहेब गुणांत अर्ध्याने पुढे होते. त्यांना बरोबरी पुरत होती. ह्यांना जिंकायलाच हवं होतं.

रविवारी दुपारी क्लबाचा हॉल भरला. पुढच्या ओळीत अधिकारी, त्यांच्यात ह्यांच्या शेडचा फोरमन. बायकांच्या खुर्च्या एका बाजूला. पट रशियन मंडळींनी क्लबाला दिलेला, पिवळी आणि काळी लाकडी मोहरी, दिसायला देखणी. पण त्यातला वजीर आणि उंट, दोघेही उंच आणि कमरेत बारीक. आमच्या गावच्या पटात आंधळ्यालाही फरक कळला असता. आणि टेबल ठेवलं होतं खिडकीपाशी, उजेड चांगला म्हणून. त्या चांगल्या उजेडाचा मला आल्याआल्याच राग आला, पण बायकांच्या खुर्चीतून उठून टेबल हलवा म्हणणारी मी कोण?

तरी हे खेळले काय! मी वडिलांचा खेळ पाहिलेली, मला विचारा. डोळ्यांनी खेळतच नव्हते. प्रत्येक मोहरं कुठून निघालं आणि कुठे बसलं ते सगळं डोक्यात, हात फक्त तिथे जात होता. साहेबांनी वजिरास वजीर घेतला, हत्ती घेतले, डाव पातळ करत बरोबरीकडे ओढला. ह्यांनी घाई केली नाही. दुपार कलायला लागली तेव्हा साहेबांकडे एकटा राजा उरला आणि ह्यांच्याकडे राजा आणि एक प्यादं, तेही उंटाच्या घराच्या एकच पाऊल अलीकडे. साहेबांनी डाव सोडला नाही. जुने खेळाडू सोडत नसत. मात दिसत असली तरी समोरच्याला ती करू द्यायची, हा त्यांच्यातला मान होता. मी मनातल्या मनात म्हटलं, वजीर घ्या, चार चाली, आणि उतरा खाली.

ह्यांनी प्यादं पुढे सरकवून उचललं आणि पटाबाहेर पडलेल्या मोहऱ्यांच्या ढिगात हात घातला. एक उंच मोहरं उचललं. तोंडासमोर धरून फिरवून पाहिलं. मग ठेवलं, हात काढला आणि म्हणाले, "शह."

साहेब पटाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "कशाचा शह?"

ह्यांनी वजीर म्हणून उंट ठेवला होता. उंट तिरका चालतो. साहेबांचा राजा सरळ ओळीत होता, त्याला उंटाचा शह लागतच नाही. मी खुर्चीतून उभी राहिले. पंच म्हणून हिशेब खात्यातले एक बंगाली गृहस्थ होते, ते टेबलावर वाकले. ह्यांचा हात परत त्या मोहऱ्यावर गेला. रशियन उंटाच्या डोक्यावर तिरकी खाच असते. ह्यांचं बोट त्या खाचेपाशी थांबलं आणि हललंच नाही.

"का होगे बहिनी?" काय झालं म्हणून शेजारच्या त्या छत्तीसगढी बाईने माझा पदर ओढला. मी काय सांगणार होते?

साहेब म्हणाले, "अहो, वजीरच घ्यायचा होता ना? घ्या. माझी हरकत नाही." पंचांनीही मान हलवली. ठेवलेलं मोहरं नियमाने उचलता येत नाही, पण दोघांची संमती असेल तर मी पाहिलंच नाही, असं ते हिंदीत म्हणाले. म्हणजे वजीर समोर आला होता. 'हो, चुकलं' एवढंच म्हणायचं होतं. आणि त्याच घटकेला पुढच्या ओळीतून तो फोरमन ओरडला, "क्या उस्ताद, हाथ में घुमा के देखा फिर भी ऊँट? दिखता नहीं क्या?"

त्याने गंमत म्हणून विचारलं, हे मलाही कळतं. पण अख्ख्या भिलाईत ह्यांना ज्या एका प्रश्नाची धास्ती होती तोच त्याने अधिकाऱ्यांच्या रांगेत बसून मोठ्याने विचारला. चुकलं म्हणावं तर पुढचा प्रश्न उभाच होता, चुकलं कसं?

ह्यांनी हात मागे घेतला. हसले. मला ते हसणं अजून दिसतं. "दिखता है ना साब," हे म्हणाले. "हमारे तरफ ऊँट के घर में प्यादा गया तो ऊँटइच बनता है. पुरानी आदत. शह तो ऐसेही मुँह से निकल गया."

हॉल हसला. साधंसुधं नाही, मांड्या थोपटून हसला. कुणीतरी म्हणालं, देहाती आखिर देहाती. ज्या पोरांना ह्यांनी हातावर चापट मारून नवी पद्धत शिकवली होती तीही हसली. त्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही की हा माणूस असं करणं शक्यच नाही. एकाच्याही नाही! साहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि मोठ्या मनाने म्हणाले, "हसू नका. खेड्यापाड्यातली जुनी पद्धत आहे, हाताची सवय जात नाही." नव्या पद्धतीने ह्यांच्याशी इतके डाव खेळलेल्या माणसाचं ते बोलणं मला त्या हसण्यापेक्षा जास्त झोंबलं. राजा आणि एकटा उंट मात करू शकत नाहीत. पंचांनी डाव बरोबरीत सुटल्याचं जाहीर केलं. अजिंक्यपद साहेबांना मिळालं, ज्यांना खेळाच्या खोलीचा काडीचा उपयोग नव्हता.

परत येताना हे सायकल हातात धरून चालत होते. मी एक पाऊल मागे. कॅम्पाचा रस्ता सुटला, माणसं विरळ झाली, तशी मी थांबले.

"हारलो त नाई नं मी," हे म्हणाले. "बरोबरी झाली."

"कोनाशी बरोबरी झाली जी?"

"तू कावून भडकून रायली? हासले त हासू दे. डोळ्यायचं नाव निंगालं नाई, हेच लय झालं."

"आन् खेळाची खोली?"

"पुढच्या साली पाहू."

पुढच्या साली! म्हणजे आणखी एक वर्ष ह्या माणसाने ती बादली लोकांच्या डोक्यांवरून न्यायची आणि मी घरी बसून अपघाताच्या भोंग्याकडे कान लावायचा. माझा तोल गेला. रस्त्यात उभी राहून मी नवऱ्यावर ओरडले, आमच्या घरात बायका ओरडत नसत तरी.

"पटावरचं सारं तुमच्या डोक्यात हाये म्हनून तुमी खेळता. बाहेरचा ढीग डोक्यात नवता, तिथं हात फसला. नाकासमोर धरून पायलं तुमी, तरी उंट का वजीर समजलं नाई. खाली मानसं उभी रायतात, ते रोज एकाच घरात उभे रायतात का?"

"घंटी आयकतो मी."

"आन् घंटी वाजवनारा कोन्या घरात उभा हाये, ते बी आयकू येते?"

ह्यांनी सायकलचं हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मग म्हणाले, "उद्या पहिली पाळी हाये. डबा करशीन का नाई, तेवढं सांग."

मी घरी आले, चूल पेटवली, आणि ह्यांना दुकानात जाते म्हणून सांगून थेट ड्रॉइंग ऑफिसातल्या साहेबांच्या बंगल्यावर गेले. दिवेलागण झाली होती. साहेब व्हरांड्यात बसले होते. त्यांना वाटलं, मी खेळाच्या खोलीसाठी रदबदली करायला आले.

"बाई, हसल्याचं वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले. "मी स्वतः हसलो नाही. जुनी पद्धत आमच्याकडेही होती."

"जुनी पद्धत नवती सायेब. त्यायले दिसत नाई."

साहेब खुर्चीत ताठ झाले. मग म्हणाले, "अहो, मग तेव्हाच सांगायचं. मी वजीर देतच होतो."

"वजीर घ्यासाठी काय कबूल करा लागलं असतं आन् कोनासमोर, ते समजून रायलं का तुमाले?"

त्यांना समजलं. चेहऱ्यावरून कळलं मला. पण लगेच म्हणाले काय, "म्हणजे माझं अजिंक्यपद तसं खरं नाही. पुन्हा डाव खेळायला हवा."

"तुमाले अजून डावाचीच पडली हाये?" मी म्हटलं. "उद्या सकाळी ते वर चढतात. माही पोरं खाली उभी नाईत, पन कोनाची तरी हायेत. त्यायले चढू देऊ नका." साहेबाशी असं बोलायची माझी जात नव्हती, शिक्षण नव्हतं, काही नव्हतं. राग होता, तेवढा पुरला.

साहेब वाईट नव्हते, हे मी रागातही लिहिते. सकाळी पाळी सुरू होण्याआधी ते स्वतः शेडमध्ये गेले. पण चांगुलपणाने केलेलं कामही चांगलंच होतं असं नाही. हे केबिनीच्या शिडीवर चार पायऱ्या चढले होते. सगळ्या पाळीसमोर त्यांना खाली बोलावलं आणि डोळे तपासायला नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. क्रेन त्याच दिवशी गेली. काढून टाकलं नाही, पण सामानाच्या यार्डात मदतनीस म्हणून टाकलं, हुद्दा खालचा, आणि पुढे क्वार्टरही लहान मिळालं. खेळाच्या खोलीला कुलूप लागलं. साहेब जिंकले होते, कामगार नव्हे, म्हणून शब्द पाळायचा प्रश्नच आला नाही. त्या कुलपाचा मला अजून राग आहे.

त्या दुपारी हे घरी आले. पाय धुतले, पाटावर बसले. मी ताट वाढलं, भात, वरण, मिरचीचा ठेचा. कुणी सांगितलं, ते ह्यांना विचारावं लागलं नाही.

"एवढे लोकं हासवून घेतले मी कायच्यासाठी?" हे म्हणाले. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "बरोबरी करून आलो होतो. तू हारवलं मले."

"हो," मी म्हटलं. "हारवलं."

मला आणखी खूप बोलायचं होतं. त्या फोरमनला, त्या हॉलला, साहेबांच्या मोठ्या मनाला, पुढच्या साली म्हणणाऱ्या ह्या माणसाला. हे जेवायला लागले. इतके महिने माझ्यासमोर डोळ्यांनी बघून घेतल्यासारखं करायचे, मान वळवायचे, मग हात न्यायचे. त्या दिवशी मान वळवली नाही. हात ताटाच्या कडेकडेने फिरवला, बोटं आधी ठेच्यात गेली, मग भातात, वरणाची वाटी सापडेना. वाटी माझ्या गुडघ्यापाशी होती. मी ती पुढे सरकवली नाही आणि उठूनही गेले नाही. बसून राहिले, त्यांची त्यांना सापडेपर्यंत.